दहा वर्षं पुरे का? पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांच्या कार्यकाळाच्या मर्यादेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागातल्या एका अभ्यासिकेत मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी राज्यघटनेचे तास घेतो. मुलं गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, वर्ध्याकडची. खोली करून राहणारी, मेसचा डबा खाणारी, एमपीएससीच्या तारखांकडे डोळे लावून बसलेली. वर्गात हात वर करायला लाजतात, म्हणून दाराशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. ज्याला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात उतरलं, संविधान चौकापुढे लोखंडी कठडे लागले, की डब्यात एकाच जातीच्या चिठ्ठ्या वाढतात: ही माणसं किती वर्षं खुर्चीवर बसू शकतात, आणि त्यांना उठवायचं कोणी? त्या चिठ्ठ्या आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

भारतात एका माणसाला किती वेळा पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री होता येतं?

कितीही वेळा. पंतप्रधानांची नेमणूक कलम ७५ प्रमाणे होते, मुख्यमंत्र्यांची कलम १६४ प्रमाणे. दोन्ही कलमं वरपासून खालपर्यंत वाचा, वर्षांचा आकडा सापडणार नाही. पाच वर्षांची मुदत आहे ती लोकसभेची आणि विधानसभेची. पंतप्रधानांना स्वतःची अशी मुदतच नाही: सभागृहाचा विश्वास आहे तोवर ते आहेत, गेला की उद्या सकाळी नाहीत.

पण राष्ट्रपतींना दोनदाच होता येतं ना?

ही चूक दर वर्षी किमान चार उत्तरपत्रिकांत दिसते. कलम ५७ म्हणतं, राष्ट्रपती पुन्हा निवडणुकीला पात्र आहेत. किती वेळा, ते म्हणत नाही. राजेंद्र प्रसाद दोनदा निवडून आले, त्यांच्यानंतर कोणीच दोनदा झालं नाही, आणि लोकांना वाटलं नियमच आहे. तो पायंडा आहे, नियम नाही. दोनदाची मर्यादा अमेरिकेतली.

सगळ्यात जास्त काळ कोण राहिलं?

नेहरू, १५ ऑगस्ट १९४७ पासून २७ मे १९६४ पर्यंत, म्हणजे १६ वर्षं ९ महिने. इंदिरा गांधींचे दोन डाव मिळून १६ वर्षांना थोडे दिवस कमी. नरेंद्र मोदी मे २०१४ पासून आहेत आणि जून २०२४ मध्ये त्यांनी तिसऱ्यांदा शपथ घेतली.

खरे विक्रम मात्र राज्यांत आहेत, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. सिक्कीमचे पवनकुमार चामलिंग १९९४ ते २०१९. ओडिशाचे नवीन पटनाईक २००० ते २०२४. बंगालचे ज्योती बसू १९७७ ते २०००. ओडिशात २००० साली जन्मलेलं पोर पदवी घेऊन नोकरी शोधायला लागलं तरी मुख्यमंत्री तेच. कार्यकाळाच्या मर्यादेची चर्चा आपण दिल्लीवरून सुरू करतो, पण तिची जास्त गरज राज्यांत पडावी असं हे आकडे बघून वाटतं.

आणि महाराष्ट्रात? "सर, आपल्या इकडे तं कोणी टिकतच नाही, मर्यादा काहून पाहिजे?"

चिठ्ठी जशीच्या तशी दिली आहे. लिहिणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही. १९६० पासून आजवर पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेले मुख्यमंत्री दोनच, आणि दोघंही आपल्या विदर्भातले: पुसदचे वसंतराव नाईक आणि नागपूरचे देवेंद्र फडणवीस. शरद पवारांनी चार वेळा शपथ घेतली, पण सलग पाच वर्षं एकदाही मिळाली नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये तर एक सरकार ऐंशी तासांच्या आसपास टिकलं.

हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री सिव्हिल लाइन्समधल्या रामगिरी बंगल्यावर उतरतात. दिवाळीनंतर तिथे रंगरंगोटी सुरू होते. २०१९ च्या डिसेंबरात तिथे उद्धव ठाकरे होते, २०२२ आणि २०२३ मध्ये एकनाथ शिंदे, २०२४ मध्ये पुन्हा फडणवीस. मधली दोन वर्षं अधिवेशन इथे झालंच नाही. म्हणजे पाच वर्षांत फाटकावरची पाटी तीनदा बदलली. ज्या गावाने हे पाहिलं, त्याला मर्यादेची चर्चा श्रीमंताघरच्या आहारनियमासारखी वाटणारच.

पण वसंतराव नाईकांचं उदाहरण नीट बघा. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, अकरा वर्षांच्या वर. संकरित ज्वारी आली ती याच काळात, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं उभी राहिली तीही याच काळात. त्यांना ना मतदारांनी काढलं, ना विधानसभेने. दिल्लीतून निरोप आला आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. तेव्हा महाराष्ट्रात मर्यादा नाही असं म्हणू नका. मर्यादा आहे, फक्त ती लिहिलेली नाही आणि तिची दोरी मुंबईत नसते.

घटनाकारांनी ही मर्यादा का घातली नाही? विसरले का?

विसरले नाहीत. त्यांनी वेगळा हिशेब केला होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतीतला फरक उलगडून सांगितला. कारभाऱ्याकडून दोन गोष्टी हव्यात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. अमेरिकेत स्थैर्य जास्त, कारण अध्यक्षाचा हिशेब ठरावीक वर्षांनी एकदाच होतो. संसदीय पद्धतीत तो दोनदा होतो: निवडणुकीत मतदार करतात, आणि मधल्या काळात सभासद रोज करतात. प्रश्न विचारून, ठराव आणून, तहकुबी सूचना, अविश्वास ठराव, अभिभाषणावरची चर्चा. आपण जबाबदारीला झुकतं माप दिलं, असं त्यांचं म्हणणं.

ज्याला रोज काढता येतं त्याला दहा वर्षांनी काढायचा नियम कशाला? या एका गृहीतावर मर्यादा नसण्याचा सगळा डोलारा उभा आहे. म्हणून मी मुलांना म्हणतो, मर्यादा हवी की नको हे नंतर ठरवा. आधी हे तपासा की रोजचा हिशेब आज होतो का.

मग होतो का?

अर्धवट. पंतप्रधान सभागृहात पडू शकतात हे खरं आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये व्ही. पी. सिंह, एप्रिल १९९७ मध्ये देवेगौडा, एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी, तेही एका मताने, २६९ विरुद्ध २७०. पण हे तिघंही आघाडीच्या किंवा बाहेरच्या पाठिंब्यावर उभे होते. ज्याच्या स्वतःच्या पक्षाकडे बहुमत आहे, त्या पंतप्रधानाला त्याच्याच खासदारांनी सभागृहात मत देऊन पाडल्याचं आपल्याकडे एकही उदाहरण नाही.

१९८५ नंतर ते आणखी अवघड झालं. बावन्नावी घटनादुरुस्ती आली, दहावी अनुसूची आली, पक्षांतरबंदी आली. 'आयाराम-गयाराम' थांबवण्यासाठी केलेला कायदा, हेतू चांगलाच. पण त्यात व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला की सदस्यत्व जातं, आणि विश्वासदर्शक ठरावावर व्हीप निघतोच. म्हणजे आंबेडकर ज्या सभासदाच्या भरवशावर होते, त्याचा हात कायद्यानेच बांधला गेला.

ब्रिटनमध्ये काय होतं ते बघा. नोव्हेंबर १९९० मध्ये मार्गारेट थॅचर साडेअकरा वर्षं पंतप्रधान होत्या, लागोपाठ तीन निवडणुका जिंकलेल्या. पक्षाच्या खासदारांत गुप्त मतदान झालं. त्यांना २०४, विरोधकाला १५२. जास्त मतं असूनही नियमाला लागणाऱ्या फरकात चार कमी पडली, आणि आठवड्याभरात त्या घरी गेल्या. त्यांना मतदारांनी काढलं नव्हतं, मागच्या बाकांवरच्या माणसांनी काढलं होतं.

आपल्याकडे पक्षाच्या बैठकीत नेता बदलायला कायद्याची आडकाठी नाही, हेही सांगायला हवं. पण तिकीट वाटणारा हात ज्याचा, त्याच्याविरुद्ध बैठकीत हात वर कोण करणार? जून २०२२ मध्ये आपण पाहिलं, मुख्यमंत्री बदलायला पक्षच उभा फुटावा लागला आणि वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला.

अमेरिकेत ही मर्यादा कुठून आली?

जॉर्ज वॉशिंग्टन १७९६ मध्ये तिसऱ्यांदा उभे राहिले नाहीत. तो पायंडा जवळजवळ दीडशे वर्षं टिकला. मग फ्रँकलिन रूझवेल्ट १९३२, ३६, ४० आणि ४४ असे चारदा निवडून आले आणि एप्रिल १९४५ मध्ये पदावर असतानाच वारले. त्यानंतर बाविसावी दुरुस्ती झाली, १९५१ मध्ये लागू झाली: अध्यक्ष म्हणून दोनदाच निवडून येता येईल. तिथे अध्यक्षाला मध्येच काढायचं तर महाभियोगाशिवाय वाट नाही, म्हणून मर्यादेला तिथे सरळ अर्थ आहे. 'अमेरिकेत आहे म्हणून आपल्याकडे हवी' असं उत्तर लिहाल तर मी अर्धेच गुण देईन.

संसदेतून निवडलेल्या सरकारप्रमुखाला मर्यादा असलेला एखादा देश आहे का?

आहेत, थोडे. दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्राध्यक्ष संसद निवडते आणि सरकारही तोच चालवतो. त्याला दोन कार्यकाळांची मर्यादा आहे. बोट्सवानात दहा वर्षं. बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीनांचं सलग पंधरा वर्षांचं सरकार कोसळल्यावर ज्या सुधारणा पुढे आल्या, त्यांत पंतप्रधानपदाला कालमर्यादा हवी ही मागणी ठळक होती.

सगळ्यात शिकण्यासारखं थायलंडचं. २०१७ च्या त्यांच्या घटनेत पंतप्रधानाला एकूण आठ वर्षांची मर्यादा आहे. प्रयुत चान-ओचा हे लष्करप्रमुख २०१४ मध्ये सत्ता उलथवून पंतप्रधान झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये विरोधक म्हणाले, आठ वर्षं भरली, उठा. घटना न्यायालयाने त्यांना कामावरून थांबवलं. महिनाभराने निकाल आला: मोजणी २०१४ पासून नाही, नवी घटना लागू झाली त्या एप्रिल २०१७ पासून. साहेब पुन्हा खुर्चीवर. नियमात आकडा होता, मोजायला कधीपासून लागायचं ते स्पष्ट नव्हतं. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे पण चतुःसीमा नाही, तसा प्रकार.

म्हणजे मर्यादा आली की लोकशाही पक्की?

अजिबात नाही. पाकिस्तानात २००२ मध्ये जनरल मुशर्रफ यांनी नियम केला की दोनदा पंतप्रधान झालेल्याला तिसऱ्यांदा होता येणार नाही. ऐकायला किती छान! तेव्हा दोनदा पंतप्रधान झालेली महत्त्वाची माणसं कोण होती? बेनझीर भुट्टो आणि नवाझ शरीफ. नियम दोघांच्या मापाने शिवलेला होता, आणि शिवणारा स्वतः निवडून आलेला नव्हता. २०१० च्या अठराव्या दुरुस्तीने ती अट गेली आणि २०१३ मध्ये शरीफ तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले. मर्यादेचा प्रस्ताव कोणी मांडला की आधी विचारा, आज तो लागू केला तर कोण बाहेर जातो आणि कोण आत राहतो.

ज्यांच्याकडे मर्यादा आहे ते ती चुकवतात कशी?

हा माझा आवडता प्रश्न, कारण माणसाची हुशारी इथे दिसते.

पहिली रीत, खुर्ची बदलणं. पुतिन यांचे सलग दोन कार्यकाळ २००८ मध्ये संपले. ते पंतप्रधान झाले, मेदवेदेव अध्यक्ष, आणि चार वर्षांनी पुन्हा अदलाबदल. २०२० मध्ये घटनादुरुस्तीने त्यांची जुनी मोजणीच पुसून टाकली.

दुसरी, नियम काढून टाकणं. चीनने मार्च २०१८ मध्ये अध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची अट काढली. युगांडाने २००५ मध्ये कार्यकाळाची मर्यादा काढली आणि २०१७ मध्ये पंचाहत्तरीची वयोमर्यादाही. श्रीलंकेत महिंदा राजपक्षे यांनी २०१० मध्ये तेच केलं. पण तिथली गंमत अशी की जानेवारी २०१५ मध्ये तिसऱ्यांदा उभे राहिले आणि हरले. लगेच त्याच वर्षी मर्यादा परत आली.

तिसरी, न्यायालय. बोलिव्हियात एवो मोरालेस यांनी २०१६ मध्ये जनमत घेतलं, लोक 'नाही' म्हणाले. पुढच्या वर्षी घटना न्यायालय 'हो' म्हणालं. २०१९ मध्ये ते उभे राहिले, निकालावरून देश पेटला आणि त्यांना पद सोडावं लागलं.

चौथी, घरातलं माणूस. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं, तर १९६६ मध्ये जॉर्ज वॉलेस यांनी पत्नी लर्लिन यांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. गावागावात 'सरपंचपती' पाहिलेल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि मेक्सिको. पोर्फिरिओ दियास यांनी १८७६ मध्ये बंड केलं ते 'फेरनिवड नको' या घोषणेवर. मग मधली चार वर्षं सोडून १९११ पर्यंत तेच सत्तेत! त्यांच्याविरुद्ध क्रांती झाली तीही त्याच घोषणेवर. पोळलेल्या मेक्सिकोत आज अध्यक्षाला सहा वर्षं एकदाच मिळतात, आणि तो नियम वाकवायची हिंमत सहसा कोणी करत नाही. तिथे नियमाला जाच म्हणून नाही, जखमेची आठवण म्हणून मान आहे.

आपल्याकडे बाकी कोणत्या पदांना मर्यादा आहे?

इथे जरा थांबून बघा, कारण यादी गमतीची आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षक: सहा वर्षं किंवा वयाची ६५, त्यानंतर सरकारी पद नाही. सहकारी बँकेचा संचालक: सलग आठ वर्षं, २०२५ च्या दुरुस्तीने ती दहा केली. क्रिकेट मंडळाचे पदाधिकारी: लोढा समितीने ठरावीक वर्षांनंतर सक्तीची विश्रांती सुचवली, सर्वोच्च न्यायालयाने ती लावली, मग २०१८ मध्ये थोडी आणि २०२२ मध्ये आणखी थोडी सैल केली. महापौर: अडीच वर्षं, त्यातही आरक्षणाची सोडत फिरते, त्यामुळे तोच माणूस लागोपाठ येणं कठीण. महापालिकेच्या स्थायी समितीतले निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात.

म्हणजे पतपुरवठा मंजूर करणाऱ्याला मर्यादा, बॅट-बॉलच्या कारभाऱ्याला मर्यादा, गावच्या महापौराला अडीच वर्षं. देशाच्या आणि राज्याच्या कारभाऱ्याला मात्र मोकळं रान. यावर "बँकेत ठेवीदार रोज प्रश्न विचारत नाहीत, संसदेत विचारतात" असं उत्तर आहे, आणि ते चुकीचं नाही. फक्त ते वर सांगितलेल्या गृहीतावर उभं आहे.

जाता जाता: नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं इथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. माणसाच्या मुदतीची काळजी करताना निवडणूक मुदतीत होते का हेही बघावं. आणीबाणीत लोकसभेची मुदतच वाढवली होती. बेचाळिसाव्या दुरुस्तीने ती सहा वर्षं केली, चव्वेचाळिसाव्याने पुन्हा पाचवर आणली.

चांगला माणूस असेल, लोकांना हवा असेल, तर त्याला घालवायचा कशाला?

मर्यादेविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच, आणि याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. स्वीडनचे टागे एरलांडर तेवीस वर्षं पंतप्रधान होते, जर्मनीत हेल्मुट कोल आणि अँगेला मर्केल सोळा-सोळा वर्षं. कोणी म्हणेल तिथली लोकशाही बुडाली? मतदाराला सांगायचं की तुझ्या आवडीचं नाव यादीत नाही, यात त्याचा हक्क थोडा कापला जातोच.

पण माझ्या मनात दुसरी बाजू कुठून आली ते सांगतो. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बावीस वर्षं तेच होते. प्रामाणिक माणूस, एक पैसा इकडचा तिकडे नाही. दर निवडणुकीत बिनविरोध, कारण उभं राहायला कोणाला वेळ नव्हता आणि ते करतात ना! एका मे महिन्यात ते नातवाच्या मुंजीला पुण्याला गेले. तिसऱ्या दिवशी बी विंगचं पाणी बंद. गच्चीवर अकरा वॉल्व, सगळे सारखे गंजलेले, कुठला कशाचा हे फक्त त्यांना ठाऊक. बोअरच्या मोटरची किल्ली त्यांच्या कपाटात. बाहेर पंचेचाळीस अंश, कूलरच्या टाक्या कोरड्या, आणि आम्ही सहा पदवीधर माणसं गच्चीवर उभं राहून फोनवरून विचारतोय, "भाऊ, डावीकडून तिसरा म्हणजे जिन्याकडून डावीकडून, की टाकीकडून?"

त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. तेच तर दुखणं आहे. बावीस वर्षांत दुसऱ्या कोणी शिकावं अशी वेळच आली नाही.

सरकारात हेच मोठ्या मापाने होतं. राज्यपाल, सचिव, आयोगांचे सदस्य यांच्या नेमणुका एकाच हातून होत जातात. निवडणूक आयुक्तांचंच घ्या. २०२३ च्या कायद्याप्रमाणे त्यांची शिफारस करणाऱ्या तिघांच्या समितीत पंतप्रधान, त्यांनीच नेमलेले एक केंद्रीय मंत्री आणि विरोधी पक्षनेता असतात. आयुक्ताची मुदत सहा वर्षं किंवा पासष्टी. म्हणजे कोणीही पंतप्रधान, कोणत्याही पक्षाचा, दहा वर्षं राहिला तर सामन्यातला प्रत्येक पंच त्याच्या काळात नेमलेला असतो. पंच वाईट असतील असं मी म्हणत नाही. पण मतदाराला 'हवा तर निवड' म्हणताना ही गोष्ट तराजूत टाकायला हवी.

हे काम पक्षांनीच आपापल्या नियमांत केलं तर?

केलं आहे, थोडंफार. जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात अध्यक्षाला तीन-तीन वर्षांच्या सलग दोन मुदती होत्या. २०१७ मध्ये, शिंझो आबे असताना, त्या तीन केल्या. आपल्याकडे माकपने २०१२ मध्ये सरचिटणीसपदाला तीन मुदतींची मर्यादा घातली. २०२१ मध्ये केरळात लागोपाठ दोनदा निवडून आलेल्या आमदारांना तिकीट नाही असं ठरवलं, अर्थमंत्री थॉमस आयझॅक त्यात बाहेर गेले. नव्या मंत्रिमंडळात पक्षाच्या मंत्र्यांपैकी मुख्यमंत्री सोडून आधीचं कोणीही नाही. 'मुख्यमंत्री सोडून' या दोन शब्दांवर मुलं नेहमी हसतात.

भाजपने २०१२ मध्ये पक्षाची घटना बदलून अध्यक्षाला सलग दुसरी मुदत मिळण्याची वाट मोकळी केली. तेव्हा अध्यक्ष होते आपले नितीन गडकरी. वाट मोकळी झाली, पण जानेवारी २०१३ मध्ये त्या वाटेने ते गेले नाहीत, राजनाथ सिंह अध्यक्ष झाले. पक्षाचे नियम असे असतात: लिहिताना एकासाठी, वापरताना दुसऱ्यासाठी.

शेवटच्या मुदतीत साहेबाचं कोण ऐकणार?

कमी ऐकतील. बदलीची ऑर्डर निघालेल्या तहसीलदाराकडे किती जण फाईल नेतात? हा तोटा खरा आहे. फिलिपिन्समध्ये अध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत, दक्षिण कोरियात पाच वर्षांची एकच, आणि दोन्हीकडे उत्तरार्धात वारसदारांचीच चर्चा जास्त होते.

त्यापेक्षा वयाची मर्यादा बरी नाही का?

नाही. ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. जुलै २०२५ मध्ये नागपुरातच सरसंघचालक मोहन भागवत यांनी संघाचे जुने प्रचारक मोरोपंत पिंगळे यांची पंचाहत्तरीच्या शालीची आठवण सांगितली (शाल अंगावर आली की आता बाजूला व्हा, या अर्थाची), त्यावर देशभर तर्क चालले, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की कोणी निवृत्त व्हावं असं मी म्हटलेलं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी पंतप्रधान झालेला माणूस पंचाहत्तरीपर्यंत तीस वर्षं बसू शकतो. अडचण वयाची नाही, सलगपणाची आहे.

घटनादुरुस्ती करावी लागेल का? राज्यांची संमती लागते का?

लागेल. कलम ७५ आणि १६४ मध्ये बदल करायचा तर कलम ३६८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. निम्म्या राज्यांची संमती ज्या तरतुदींना लागते, त्या यादीत ही दोन कलमं नाहीत. याच कलमांत २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळावर पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणजे कारभाऱ्यांच्या संख्येवर टोपी बसते तर वर्षांवरही बसू शकते.

निवडणूक लढवणं हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जावेद विरुद्ध हरियाणा या २००३ च्या खटल्यात, पंचायतींच्या संदर्भात म्हटलं आहे. मूलभूत चौकटीचा, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनेही बदलता येत नाही, हा मुद्दा कोणीतरी काढेलच. टिकेल असं मला वाटत नाही. खरी अडचण कायद्याची नाहीच: ज्यांनी हे विधेयक आणायचं, त्यांनाच ते लागू होणार.

सर, तुमचं स्वतःचं मत काय?

सलग दहा वर्षं, मग पाच वर्षांची सुटी, मग हवं तर पुन्हा. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री दोघांनाही. मोजणी पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, म्हणजे आज खुर्चीवर असलेल्या कोणासाठी हा फास नाही आणि कोणाच्या मापाने शिवल्याचा आरोपही नाही. मधल्या काळात राजीनामा देऊन चार महिन्यांनी परत आलात तरी मोजणी चालूच.

पण हे माझं दुसऱ्या क्रमांकाचं मागणं आहे. पहिलं असं की व्हीपचा फास विश्वासदर्शक ठरावापुरताही सैल करावा, आणि पक्षाच्या आमदार-खासदारांना गुप्त मतदानाने आपला नेता बदलता यावा. ते झालं तर वर्षांचा आकडा मी आनंदाने मागे घेईन. होणार नाही असं दिसतं, म्हणून आकडा.

मुलाखतीत विचारलं तर हेच सांगू का?

माझं मत सांगू नका, पडाल. आधी कलम सांगा, मग आंबेडकरांचा रोजचा हिशेब, मग पक्षांतरबंदी, मग तुमचं जे असेल ते, दोन वाक्यांत. आणि कुठल्याही चालू नेत्याचं नाव आपणहून घेऊ नका. समोरच्याने घेतलं तर पाणी प्या.

सर, त्या सोसायटीच्या अध्यक्षांचं पुढे काय झालं?

गेल्या सर्वसाधारण सभेत ते स्वतःच म्हणाले, आता दुसऱ्या कोणी बघा. दहा मिनिटं सगळे एकमेकांकडे पाहत बसले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई तयार झाल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोटर जाळली, चार हजारांचा फटका. काहींनी लगेच भाऊंकडे जाऊन गाऱ्हाणं घातलं. भाऊ काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन गच्चीवर गेले, बाईंना शेजारी उभं केलं आणि अकराही वॉल्ववर आकडे रंगवले. सातचा आकडा उलटा आलाय. तो तसाच आहे.